टायर अचानक फुटत नाही

डॉक्टरांच्या स्मरणिकेत मोटारीच्या टायरवर लेख, आणि तोही एका बालरोगतज्ज्ञाचा, हे पाहून वाचकांना थोडे नवल वाटेल. त्याचे कारण आरंभीच सांगतो. रस्त्यावरील अपघातात जखमी झालेली मुले आमच्याकडे येतात, तेव्हा सोबतच्या कागदांत किंवा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक वाक्य हमखास आढळते : 'टायर फुटल्याने चालकाचा वाहनावरील ताबा सुटला.' हे वाक्य वाचले की विषय संपतो. टायर फुटला, त्याला कोण काय करणार?

आपण डॉक्टर मंडळी मृत्यूचा दाखला लिहितो, तेव्हा केवळ 'हृदयक्रिया बंद पडली' असे लिहून भागत नाही, कारण हृदयक्रिया प्रत्येकाचीच शेवटी बंद पडते. तात्कालिक कारणाखाली त्यामागचे कारण आणि त्याच्याही मागचे मूळ कारण लिहावे लागते. 'टायर फुटला' हे वाक्यही तसेच अपुरे आहे. टायर फुटणे ही शेवटची घटना होय. तिच्यामागे आठवड्यांचे, कधी महिन्यांचे दुखणे असते. त्या दुखण्याची लक्षणे बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतात आणि बोटांना जाणवतात. म्हणून त्याचे निदान वेळीच होऊ शकते, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

न्यायालयानेही हेच म्हटले आहे. २०१० साली पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका मोटारीचा मागचा टायर फुटला, गाडी खोल खड्ड्यात कोसळली आणि आतील एका तरुण प्रवाशाचा मृत्यू झाला. टायर फुटणे ही दैवी आपत्ती आहे, सबब भरपाई देय नाही, असा युक्तिवाद विमा कंपनीने केला. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली तो फेटाळला. अतिवेग, कमी किंवा जास्त हवा, जुना टायर, तापमान अशा कारणांनी टायर फुटतो आणि निघण्यापूर्वी त्याची स्थिती पाहणे हे चालकाचे कर्तव्य आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. दैवाच्या खात्यावर टाकलेली ही गोष्ट न्यायालयाने माणसाच्या खात्यावर आणून ठेवली.

टायरची शरीररचना

हवेचा व्यवहार्य टायर ज्याने प्रचारात आणला, तो जॉन बॉइड डनलप हा व्यवसायाने पशुवैद्य होता. बेलफास्ट येथे आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीसाठी त्याने तो तयार केला आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. वैद्यकाशी आणि बालकाशी टायरचे नाते असे जन्मापासूनचे आहे.

आजचा टायर म्हणजे केवळ रबराची नळी नव्हे. सर्वांत आत हवा धरून ठेवणारा रबराचा पातळ थर असतो. त्यावर मजबूत धाग्यांचे आवरण एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाते. रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली पोलादी तारांचे पट्टे असतात आणि त्यावर खाचांची नक्षी असलेला जाड रबराचा थर. बाजूच्या भिंतीत मात्र पोलादी पट्टे नसतात. तिथे भार धाग्यांवर असतो. हवेचा दाब पेलतात ते धागे. रबर त्यांना एकत्र बांधून ठेवते. हे एकदा ध्यानात आले की पुढचे सारे सोपे होते.

चालत्या गाडीचा प्रत्येक टायर रस्त्याला साधारण तळहाताएवढ्या जागेतच टेकलेला असतो. चाक फिरते तसा टेकलेला भाग दबतो आणि पुन्हा सरळ होतो. मध्यम आकाराच्या मोटारीच्या टायरचा घेर सुमारे १.९५ मीटर धरला, तर ताशी १०० किलोमीटर वेगाने तो सेकंदाला १४ वेळा, म्हणजे तासाला ५० हजारांहून अधिक वेळा फिरतो. टायरची भिंत तितक्याच वेळा दुमडते. निरोगी टायर हे वर्षानुवर्षे सहन करतो. दुखावलेल्या टायरची मात्र प्रत्येक फेऱ्यागणिक जखम वाढते.

चार दुखणी

पहिले आणि सर्वांत फसवे दुखणे म्हणजे बाजूला आलेला फुगा. पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक जोरात आदळले की खड्ड्याची कड आणि रिम यांच्यामध्ये टायरची भिंत चिमटली जाते. आतले काही धागे तुटतात. बाहेरचे रबर शाबूत असल्यामुळे हवा जात नाही; परंतु त्या जागी दाब पेलण्यास धागे उरलेले नसतात, म्हणून रबर फुगून बाहेर येते. डॉक्टर वाचकांना हे चित्र परिचयाचे वाटेल. रोहिणीच्या भिंतीचा मधला थर दुबळा झाला की जे घडते, त्याचीच ही आवृत्ती आहे. फुगा दुरुस्त होत नाही, त्यावर ठिगळ बसत नाही. तो दिसला त्या दिवशी टायर बदलणे हा एकच उपचार.

दुसरे दुखणे काप. पदपथाची धार, रस्त्यावरचा पत्रा किंवा टोकदार दगड यांनी टायर कापला जातो. कापाच्या तळाशी धागे किंवा तार दिसत असेल तर तो टायर निकामी समजावा. काप उथळ वाटला तरी बाजूच्या भिंतीवरचा काप जाणकाराला दाखवल्याशिवाय महामार्गावर जाऊ नये. पोलादी पट्ट्यापर्यंत पाणी पोचले की तार गंजते आणि वरचा थर आतून सुटू लागतो.

तिसरे दुखणे, पंक्चर आणि त्यामुळे कमी झालेली हवा. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा रुतून बसला तरी हवा हळूहळू जाते, गाडी चालत राहते, आणि म्हणूनच दुर्लक्ष होते. नक्षीच्या मधल्या भागातील सुमारे ६ मिलिमीटरपर्यंतचे छिद्र दुरुस्त करता येते. टायर रिमवरून उतरवून, आतून तपासून, छिद्र भरून आतून ठिगळ लावणे ही दुरुस्तीची योग्य रीत. रस्त्याकडेला बाहेरून वात भरून काढलेले पंक्चर हा प्रथमोपचार समजावा. हवा पूर्ण गेलेली असताना गाडी काही अंतर हाकली असेल, तर भिंत आतून भरडली गेलेली असते. असा टायर बाहेरून ठीक दिसला तरी आतून पाहिल्याखेरीज पुन्हा वापरू नये.

चौथे दुखणे झीज आणि वय. खाचांच्या तळाशी ठिकठिकाणी लहान आडवे उंचवटे असतात; रबर झिजून त्यांच्या पातळीला आले की खोली १.६ मिलिमीटर उरली, म्हणजेच मोटारीच्या टायरची कायदेशीर मर्यादा आली. त्याखाली गेलेला टायर पावसात पाणी कापू शकत नाही. वयाचे गणितही सोपे आहे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. '२३२१' म्हणजे २०२१ सालातील २३वा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करून घ्यावी आणि नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांपुढे टायर वापरू नये, हा सर्वसाधारण नियम. अनेक मोटार उत्पादक तर सहाव्या वर्षीच टायर बदलण्यास सांगतात. वर्षानुवर्षे डिकीत पडून असलेल्या स्टेपनीलाही हे लागू आहे.

उन्हाळ्यातील एक गैरसमज

बडोद्याच्या वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो आणि सुटीचा प्रवासही त्याच दिवसांत असतो. 'उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून दोन-चार पौंड कमी ठेवावी, म्हणजे टायर फुटत नाही,' असा सल्ला मित्रमंडळींत आवर्जून दिला जातो. तो नेमका उलटा आहे. उष्णतेने दाब थोडा वाढतो हे खरे. पण टायरची रचना ती वाढ गृहीत धरूनच केलेली असते. हवा कमी असली की भिंत अधिक दुमडते, अधिक दुमडल्याने अधिक तापते, आणि तापलेले रबर धाग्यांवरची पकड सोडू लागते. चालकाच्या दारापाशी लावलेल्या पट्टीवर दाबाचे आकडे असतात. गाडी उभी राहून टायर थंड झालेला असताना तेवढी हवा भरावी. भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असेल तर तो पाळावा. वाटेत टायर गरम असताना हवा कमी करू नये. नायट्रोजन भरला म्हणून तपासणीतून सुटका नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

उष्णता, वेग, ओझे आणि कमी हवा एकत्र आल्यावर काय होते, याचा धडा अमेरिकेत मिळाला. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागविले. त्यांतील बरेचसे फोर्ड एक्सप्लोरर या उंच गाडीला बसविलेले होते. धावताना वरचा थर पोलादी पट्ट्यांपासून सुटत असे आणि गाडी उलटत असे. या दोषाशी २७० हून अधिक मृत्यू जोडले गेले. टायरच्या निर्मितीत दोष होताच. पण टेक्सास, फ्लॉरिडा, ॲरिझोना अशा उष्ण राज्यांत हे अपघात अधिक झाले, आणि शिफारस केलेला कमी दाब हाही वादाचा विषय ठरला. त्यातूनच अमेरिकेत नव्या मोटारींना हवेचा दाब कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. आपल्याकडील अनेक नव्या गाड्यांतही ती आता असते. मात्र ती हवा मोजते, फुगा किंवा काप पाहत नाही.

वेगाचा प्रश्न आता आपल्या दाराशी आला आहे. अहमदाबाद–बडोदे द्रुतगती मार्ग तर वीस वर्षांहून अधिक काळ सवयीचा आहे. २०२२ च्या डिसेंबरात नागपूर–शिर्डी समृद्धी महामार्ग खुला झाल्यानंतर महाराष्ट्राच्या परिवहन खात्याला प्रवेशद्वारांवर टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवाव्या लागल्या. ताशी ८० वरून १२० किलोमीटर वेग म्हणजे दीडपट. पण गाडीतील गतिज ऊर्जा सव्वादोन पट होते. गावात वर्षभर निभावलेला फुगा महामार्गावर पहिल्या तासात फुटतो, तो यामुळे.

'आल्यावर बघू'

परिचयातील एका कुटुंबाची हकीकत सांगतो. मे महिन्यात पुण्याला लग्नासाठी निघण्याच्या आदल्या दिवशी हवा भरणाऱ्या मुलाने मागच्या डाव्या टायरवरचा फुगा दाखविला. 'आल्यावर बघू, जाऊन येईपर्यंत काही होत नाही,' असे घरात ठरले. डिकीत चांगली स्टेपनी होती. वापी ओलांडल्यावर टायर फुटला आणि गाडी दुभाजकावर आदळली. चार वर्षांची मुलगी पुढच्या आसनावर आईच्या मांडीवर होती. तिच्या मांडीचे हाड मोडले, डोक्याला मार बसला. आज ती चालते, शाळेत जाते. पण मधले वर्ष त्या घराने कसे काढले, ते आम्ही पाहिले आहे. या हकीकतीत अचानक असे काहीच नव्हते. निदान झाले होते, औषध डिकीत होते, केवळ उपचार पुढे ढकलला होता.

नवा टायर काही हजार रुपयांना येतो, हा खर्च मध्यमवर्गीय घराला जाणवतो हे मान्य. परंतु दोनच टायर घेणे परवडत असेल तर दोन घ्यावेत आणि ते मागच्या चाकांना बसवावेत. मागची चाके घसरली तर गाडी सावरणे सर्वांत कठीण असते. इतिहास ठाऊक नसलेला जुना टायर मात्र स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये.

पाच मिनिटांची तपासणी

महिन्यातून एकदा, आणि लांबच्या प्रवासाच्या आदल्या दिवशी अवश्य, स्टेपनीसह पाचही टायरांची हवा मोजावी. सकाळच्या तिरप्या उजेडात प्रत्येक टायरच्या भिंतीवरून तळहात फिरवावा. फुगा डोळ्यांआधी हाताला लागतो. नक्षीत रुतलेले खिळे-खडे पाहावेत. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या चाकांची आतली बाजू पाहावी. मागच्या चाकांची आतली बाजू गाडी लिफ्टवर चढते तेव्हा पाहून घ्यावी. प्रवासात नवी थरथर जाणवली, गाडी एका बाजूला ओढू लागली किंवा चाकातून ठोके ऐकू आले, तर सुरक्षित जागी थांबून पाहावे. लहान आकाराची तात्पुरती स्टेपनी लावली असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा, बहुधा ताशी ८० किलोमीटर, पाळून जवळच्या दुकानापर्यंतच जावे.

एवढे करूनही टायर फुटलाच, तर करकचून ब्रेक मारू नये. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट, सरळ धरावे, ॲक्सिलरेटरवरील पाय हळूहळू काढावा, वेग आपोआप उतरू द्यावा आणि मगच कडेला घ्यावे. मुलांना मांडीवर बसवू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानेही चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन आवश्यक केले आहे.

लसीकरणाची तारीख आपण विसरू नये म्हणून घराघरांत कार्ड जपले जाते. त्याच कार्डाच्या मागे टायरांचे चार आकडे आणि हवेचे पौंड लिहून ठेवावेत, अशी माझी पालकांना सूचना असते. येत्या सुटीत गाडी काढण्यापूर्वी आपणही एकदा तिच्याभोवती फेरी मारावी, एवढीच वाचकांना विनंती.