एक पेशी, चार शब्द : बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागातील विज्ञानाचा वर्ग

गाणगापूर आणि माणिकनगर ही नावे गोमंतकीय दत्तभक्तांना परकी नाहीत. पहिले कलबुर्गी जिल्ह्यात, दुसरे बिदर जिल्ह्यातील हुमनाबादनजीक. या जिल्ह्यांच्या महाराष्ट्राला लागून असलेल्या पट्ट्यात, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत, मराठी आजही घराघरांत बोलली जाते आणि कन्नड, उर्दू शाळांच्या जोडीने मराठी माध्यमाच्या शाळाही आहेत. कर्नाटक शासन आपली पाठ्यपुस्तके मराठीतूनही छापते. त्यामुळे तेथील माध्यमिक शाळेत शिकणारे मूल सजीवाच्या मूलभूत घटकाला 'पेशी' या नावानेच प्रथम ओळखते. मात्र शाळेबाहेर पडताच त्याच घटकाची आणखी तीन नावे त्याच्या कानावर येतात.

सीमेने दिलेला शब्दसंग्रह

यामागे इतिहास आहे. हा सारा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राजवटीत होता. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात विज्ञानाचे शिक्षणही उर्दूतून दिले जाई. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. उर्वरित बिदरचा आणि गुलबर्ग्याचा, म्हणजे आजच्या कलबुर्गीचा, बहुतांश भाग म्हैसूर राज्यात आला. सीमा आखली गेली. भाषा मात्र दोन्हीकडे मिसळलेल्याच राहिल्या.

म्हणून मराठी शाळेतील 'पेशी' ही शेजारच्या कन्नड शाळेत 'जीवकोश' असते, उर्दू शाळेत 'खलिया' आणि हिंदी पुस्तकात 'कोशिका'. गोंधळ एवढ्यावर थांबत नाही. हिंदीत 'पेशी' म्हणजे स्नायू, तर उर्दूत 'पेशी' म्हणजे न्यायालयातील सुनावणी. 'स्नायू' हा शब्द मराठी आणि कन्नडमध्ये एकाच अर्थाने चालतो, पण हिंदी विज्ञानात तो अस्थिबंधासाठी वापरतात. मराठीतला 'कोश' शब्दांचा किंवा रेशमाच्या किड्याचा. कन्नडमध्ये तोच जीवाचा.

मुळात हे सगळेच शब्द उसने घेतलेले आहेत. 1665 मध्ये रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यातील रिकामे कप्पे त्याला लहानशा खोल्यांसारखे भासले आणि त्याने त्यांना 'सेल' म्हटले. मराठीने खोलीचा अर्थ सोडून संस्कृतातील 'पेशी' स्वीकारली. सुश्रुतसंहितेत शरीरातील पाचशे पेशी मोजल्या आहेत, पण तेथे अर्थ मांसपेशींचा आहे. शब्द जुना, अर्थ नवा. म्हणूनच तो समजावून द्यावा लागतो; केवळ पाठ करून भागत नाही.

कांद्याची साल काय सांगते?

समजावण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे कांदा. त्याच्या मांसल पापुद्र्याच्या आतल्या बाजूची पातळ साल काढून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरावी, आयोडीन किंवा सॅफ्रॅनिनचा थेंब द्यावा, आच्छादन काच ठेवावी आणि सूक्ष्मदर्शकातून पाहावे. विटा रचाव्यात तशा पेशी दिसतात. प्रत्येकीभोवती पेशीभित्तिका आणि आत रंग घेतलेला एक ठिपका, म्हणजे केंद्रक.

येथे निरीक्षण शब्दाची परीक्षा घेते. 'केंद्रक' म्हटल्यावर मुले तो ठिपका मधोमध काढतात. कांद्याच्या पेशीत तो बहुधा कडेला असतो, कारण मधली जागा मोठ्या रिक्तिकेने व्यापलेली असते. चित्रात हिरवे ठिपके काढण्याचा मोहही अनेकांना होतो. पण जमिनीखाली वाढणाऱ्या कांद्याच्या या सालीत हरितलवके नसतात. पाहिलेल्या मुलाला हे सांगावे लागत नाही. न पाहिलेले मूल पुस्तकातील आकृतीच गिरवत राहते.

दुसरा धडा शेतात आहे. कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तूर हे या भागाचे मुख्य पीक. तुरीचे कोवळे रोप मुळासकट हलकेच उपटले की मुळांवर बारीक गाठी दिसतात. या गाठींच्या पेशींत रायझोबियम जीवाणू राहतात आणि हवेतील नायट्रोजन पिकाला उपयोगी पडेल अशा रूपात आणतात. गाठ चिरल्यावर आत गुलाबी दिसली, तर ते काम चालू आहे असे समजावे. केंद्रक असलेल्या वनस्पतीपेशीच्या आत केंद्रक नसलेली जीवाणूची पेशी नांदते, हे दृश्यकेंद्रकी आणि आदिकेंद्रकी यांतील भेदाचे याहून जवळचे उदाहरण शेतकऱ्याच्या मुलाला कोणते मिळणार?

खरी अडचण दहावीनंतर

दहावीपर्यंत हे सारे मराठीत निभावते. पुढे अकरावी-बारावीला विज्ञान शाखा निवडली की शिकवणे प्रत्यक्षात इंग्रजीतून होते. सीमा ओलांडून उदगीरला वा लातूरला गेले तरी चित्र तेच. 'तंतुकणिका' एका दिवसात 'मायटोकॉन्ड्रिया' होते, 'आंतर्द्रव्यजालिका' 'एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम' होते. ज्याला कालपर्यंत पेशी कळत होती, त्याला आज आपल्याला काहीच येत नाही असे वाटू लागते. ज्ञान हरवलेले नसते, फक्त त्याचे नाव बदललेले असते. पण हे त्याला वेळेवर कोणी सांगितले नाही, तर हुशार मूलही विज्ञानाचा नाद सोडते.

यावर मराठी शब्द टाकून देणे हा उपाय नव्हे. 'हरितलवक', 'रिक्तिका', 'पेशीभित्तिका' हे शब्द आपला अर्थ स्वतःच सांगतात. लॅटिन-ग्रीक मुळांची नावे मराठी मुलाला तो सांगत नाहीत. आधी आशय मायभाषेत पक्का व्हावा आणि नववीपासूनच प्रत्येक आकृतीला मराठीसोबत इंग्रजी नावेही द्यावीत. वहीच्या शेवटच्या पानांवर मुलांनी स्वतः शब्दसूची तयार करावी. त्यात शेजारच्या शाळेतील कन्नड 'कोशकेंद्र' आणि 'कोशभित्ती'ही यावेत. 'केंद्र' आणि 'भित्ती' दोन्हीकडे एकच आहेत, हे कळले की परकेपणा निम्मा ओसरतो.

गोव्याला ही गोष्ट दूरची वाटू नये. आपल्याकडे मराठी प्राथमिक शाळेतून बाहेर पडणाऱ्या बहुसंख्य मुलांची भाषा पाचवीतच बदलते. बिदरच्या मुलाला विज्ञानाची पायाभरणी मायभाषेत करायला दहावीपर्यंतचा अवधी मिळतो. आपल्या मुलाला तेवढाही मिळत नाही. म्हणून तो शब्दांचा पूल येथे आणखी लवकर, चौथीच्या वर्गातच बांधायला घ्यावा लागेल.