सापाचं विष, म्हशीचं रक्त आणि लेझर

हाडात मोठी पोकळी पडली की ती आपली आपण भरत नाही. ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यातल्या संशोधकांचं यावरचं काम वाचून मी थक्क झालो! उंदराच्या कवटीतल्या छिद्रात कॅल्शियम फॉस्फेटचे कण भरायचे. हाडातलं खनिजही त्याच जातीचं. कण हलू नयेत म्हणून फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा, गोंद, तोही रॅटलस्नेकच्या विषातलं एन्झाइम आणि म्हशीच्या रक्तातलं फायब्रिनोजेन मिसळून केलेला! मग वरून ८३० नॅनोमीटरचा लेझर. हा प्रकाश पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियाला चालना देतो असं मानतात. लेझर दिलेल्या उंदरांत नवं हाड जास्त भरलं. माणसांपर्यंतचा पल्ला अजून लांब आहे, त्यामुळे फ्रॅक्चरवर घरच्या घरी प्रकाशाचे उपचार करू नका, हाडांच्या डॉक्टरांकडेच जा.