रिकामी टाकी की तुटलेली तार?

नंदुरबार जिल्ह्यातील रनाळे समुद्रापासून दूर आहे. तथापि तेथील टाकीतील पाण्याची पातळी पंपघरास कळवावयाची झाल्यास, जहाजावरील तेलाच्या दाबाप्रमाणेच, ४ ते २० मिलिअँपिअर विद्युत्प्रवाहाची पद्धती उपयोगी पडते. टाकी रिकामी असता ४, अर्धी असता १२ व पूर्ण भरली असता २० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. रिकाम्या टाकीसाठी शून्य प्रवाह योजला असता, तर तार तुटताच टाकी रिकामी समजून पंप चालूच राहिला असता आणि पाणी वाया गेले असते. प्रवाह अजिबात थांबला, की दोष मापनयंत्रणेत आहे हे तंत्रज्ञ ओळखतो. परंतु मापक गाळाने बुजल्यास १२ हा आकडाही फसवा ठरतो. यास्तव टाकीवर जाऊन प्रत्यक्ष पातळी पडताळणे त्यास चुकत नाही.