बावट्यावरील विळा

निवडणुकीच्या दिवसांत मनोरच्या नाक्यावर उभें राहिलें, म्हणजे नाना पक्षांचीं चिन्हें दृष्टीस पडतात. आम्हां सुशिक्षितांचा असा समज असतो कीं, पक्षाचें तत्त्व जाहीरनाम्यांत असतें आणि चिन्ह केवळ निरक्षरांच्या सोयीकरितां असतें. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत प्रत्येक उमेदवाराची मतपेटी निराळी असून तीवर त्याचें चिन्ह असे. तेव्हां हा समज अगदींच निराधार नव्हे. परंतु मनोरहून अहमदाबादच्या रस्त्यानें तलासरीकडे गेलें, कीं तो सोडून द्यावा लागतो.

कम्युनिस्ट पक्षाचें चिन्ह दिसण्यांत साधें आहे. हातोडा कामगाराचा, विळा शेतकऱ्याचा, आणि दोघांची एकजूट हें पक्षाचें मूलतत्त्व. रशियांतील क्रांतीनंतर, १९१८ सालीं, ही जोडी प्रचारांत आली. आपल्याकडे १९६४ सालीं पक्ष दुभंगला. जुन्या पक्षाचें निवडणूकचिन्ह कणीस व विळा हें राहिलें. मार्क्सवादी पक्षानें विळा, हातोडा व तारा हें घेतलें. या पक्षाच्या घटनेंत बावट्याची लांबी रुंदीच्या दीडपट असावी व मध्यभागीं पांढरा विळा-हातोडा असावा, इतका तपशील आहे. विळा मात्र दोघांपैकीं कोणींच सोडला नाहीं.

याचें मर्म वारल्यांच्या पाड्यांत उमगतें. तेथें किसान सभेचा लाल बावटा १९४५ सालीं पोंचला. तो नेणाऱ्या गोदावरीबाई परुळेकर या माहेरच्या गोखले, कायद्याच्या पदवीधर. पति शामराव हे त्यांचे सहकारी. जानेवारींत टिटवाळ्याच्या अधिवेशनास कांहीं वारली गेले आणि मे महिन्यांत तलासरी भागांतील झरी येथें त्यांची स्वतःची परिषद भरली. वेठ करावयाची नाहीं, असा निश्चय झाला. लग्नाच्या कर्जापायीं नवराबायकोनें धनकोच्या घरीं वर्षानुवर्षें राबावें, ही 'लग्नगडी'ची चालही मोडावयाची ठरली.

वारल्याच्या झोपडींत हातोडा नव्हता; विळा होता. त्याच विळ्यानें तो जमीनदाराच्या रानांतील गवत कापी. पावसाळा सरतां मजुरीचा प्रश्न निघाला, तेव्हां त्यानें तोच विळा खालीं ठेवला. ज्यास अक्षरओळख नव्हती, त्यास चिन्हाचा अर्थ कोणास विचारावा लागला नाहीं.

परंतु विश्वासाचा गैरफायदाही घेतला जातो. १० ऑक्टोबर १९४५ रोजीं गोदावरीबाईंच्या जिवास धोका असल्याची खोटी वार्ता पसरली. ही जमीनदारांची कारवाई, असें किसान सभेचें म्हणणें होतें. हजारों वारली तलवाड्यास धांवले. पोलिसांनीं गोळीबार केला व पांच माणसें प्राणांस मुकलीं. गोदावरीबाईंनीं हा सारा इतिहास 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकांत लिहिला असून त्यास १९७२ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

पुढें १९६९ मध्यें तारापूरचें अणुवीजकेंद्र सुरू झालें, शेजारीं कारखाने उभे राहिले, आणि हातोडाही या भागांत आला. आज मनोरच्या रस्त्यावर दोन्हीं हातांचीं माणसें भेटतात.

पक्षाचें मत पटो वा न पटो, आम्हांस एवढेंच सुचवावयाचें आहे कीं, मतदानास निघतांना घरांतील तरुणांनीं जाहीरनामा अवश्य वाचावा. पण त्यासोबत चिन्हांतील वस्तु कोणाच्या हातांतील आहे, आणि त्या माणसासाठीं पक्षानें काय केलें, हेंही वडीलधाऱ्यांशीं बसून पाहावें.