बटण सोडलं, तरी मोटार चालूच!

सुरतेहून समुद्राकडे निघालात की तापीच्या मुखाशी हजीरा लागतं. गाड्या-ट्रक पोटात घेऊन घोघ्याला जाणारी मोठी बोट इथूनच सुटते. पण मुलांनो, आज बोटीत बसायचं नाही, कारखान्यात डोकवायचं आहे. पोलाद, खत, वायू... हजीऱ्यात मोठमोठे कारखाने शेजारी-शेजारी उभे आहेत. सुरतेत खानदेशातून आलेली मराठी घरं पुष्कळ. तुमचे कुणी काका-मामा अशा कारखान्यात इलेक्ट्रिशियन असतील, तर त्यांना विचारा, "मशीनला कोणती भाषा येते हो?"

उत्तर बहुतेक येईल, "लॅडर."

कारखान्यातल्या पॅनेलमध्ये पीएलसी नावाचा एक छोटा, दणकट संगणक बसवलेला असतो. त्याला हुकूम द्यायचे ते शिडीसारखं चित्र काढून! दोन उभ्या रेघा, मध्ये आडव्या पायऱ्या. डावीकडून वीज निघाली आणि वाटेत सगळं जोडलेलं असलं, तर ती उजवीकडच्या गोलापर्यंत पोचते. गोल म्हणजे समजा, मोटार.

आता एक पायरी वहीत काढाच. डावीकडे 'बंद' बटण. ते एरवी जोडलेलंच असतं, दाबलं की तुटतं. पुढे 'चालू' बटण. ते दाबलं तरच जोडलं जातं. शेवटी मोटारीचा गोल. 'चालू' दाबलं, मोटार फिरली. बोट उचललं... आणि मोटार थांबली! मग काय, दिवसभर बटण दाबून उभं राहायचं?

गंमत इथेच आहे. 'चालू' बटणाच्या खालून एक फांदी काढा आणि तिच्यावर लिहा : 'मोटार चालू असेल तर जोड'. आता बोट उचललं तरी वीज त्या फांदीतून जाते. मोटार फिरतेय म्हणून फांदी जोडलेली आणि फांदी जोडलेली म्हणून मोटार फिरतेय! 'बंद' दाबलं की दोन्ही सुटतात. कामगार याला होल्डिंग म्हणतात. वीज जाऊन परत आली तर? मोटार आपोआप सुरू होत नाही, कारण मधल्या वेळात फांदी तुटलेली असते. मोटारीने फिरणाऱ्या पट्ट्याजवळ कुणाचा हात असेल तर तो वाचतो. पीएलसी अशा सगळ्या पायऱ्या वरून खाली तपासतो आणि पुन्हा पहिलीपासून सुरू करतो. एका फेरीला साधारण काही मिलिसेकंद!

पण शिडीच का? १९६८च्या सुमारास अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांत गाडीचं मॉडेल बदललं की पॅनेलमधल्या शेकडो रिले, म्हणजे विजेने उघडझाप करणारे स्विच, आणि तारांची जोडणी बदलावी लागे. डिक मॉर्ली आणि त्यांच्या सोबत्यांनी यावर एक यंत्र बनवलं, मॉडिकॉन ०८४. त्यांचा हा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून ०८४. इलेक्ट्रिशियन मंडळी रिलेची जोडणी आधीपासूनच शिडीच्या चित्रात काढत. मग त्यांना नवं काही शिकवण्यापेक्षा यंत्रालाच त्यांची शिडी शिकवली. मला हे फार आवडतं.

"प्रोग्रॅमिंगची पहिली भाषा कोणती शिकू?" असं तुम्ही विचारता, तेव्हा मी उलट विचारते, ती भाषा कुणासाठी केली होती? बेसिक ही भाषा १९६४ मध्ये डार्टमथ कॉलेजात आली, तीही गणित-विज्ञान न घेतलेल्या मुलांना संगणक वापरता यावा म्हणून. स्क्रॅच २००७ मध्ये एमआयटीत आली ती खास मुलांसाठी. तिच्यात हुकूम म्हणजे रंगीत ठोकळे, आणि जिथे बसत नाही तिथे ठोकळा बसतच नाही, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुकांचा प्रश्नच मिटला. तिसरी-चौथीत असाल तर माझं मत सरळ स्क्रॅचला.

सहावी-सातवीच्या पुढे असाल आणि टायपिंगचा कंटाळा नसेल, तर पायथन. गीदो वान रोस्सुम यांनी ती १९९१ मध्ये लोकांपुढे आणली. ती फक्त मुलांसाठी नाही, मोठमोठे शास्त्रज्ञही वापरतात, पण वाचायला सोपी आहे. आजच्या पायथनमध्ये 'वय' किंवा 'गुण' अशी नावं चक्क देवनागरीत देता येतात. 'प्रिंट'सारखे हुकूम मात्र रोमन लिपीतच लिहावे लागतात. आणि 'इंट' या हुकमाला अवतरणचिन्हांत '१२' असे आपले मराठी आकडे दिले, तरी तो बारा हे बरोबर ओळखतो! करून बघा.

आणि लॅडर? पुढे आयटीआयला जायचा विचार असेल किंवा हजीऱ्यातल्या त्या पॅनेलची कुलपं खुणावत असतील, तर तीच पहिली घ्या. कुणी हसलं तर हसू दे. तोवर पेन्सिल पुरेल.

म्हणून हे कोडं. जिन्यातल्या दिव्याला खाली एक बटण, वर एक. कुठलंही बटण टिचकवलं की दिवा लागलेला असेल तर विझतो, विझलेला असेल तर लागतो. याची पायरी काढा. एक सूचना : दोन फांद्या लागतील, आणि प्रत्येक फांदीवर दोन्ही बटणं येतील.