जुन्या लॅपटॉपसाठी लिनक्स मिंट

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुने अनेक लॅपटॉप विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, पण म्हणून ते भंगारात काढू नका. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात शिकणाऱ्याला घरबसल्या अभ्यासासाठी असा लॅपटॉप अजून कितीतरी वर्षं पुरेल.

उपाय आहे लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, खुला केला. त्यावर डेस्कटॉप, मेनू आणि सॉफ्टवेअर चढवून जे तयार पॅकेज मिळतं, ते डिस्ट्रो. १९९३ चं डेबियन हे त्यातलं मोठं घराणं. २००४ चं उबुंटू त्यावरच बेतलेलं आणि उबुंटूवर २००६ चं मिंट. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेचं ‘बॉस’ही डेबियनच्याच कुळातलं आणि भारतीय भाषांसाठी घडवलेलं.

माझी पसंती मिंटला. खालच्या पट्टीवर डाव्या कोपऱ्यात मेनू असल्याने विंडोजचा सराव असलेला माणूस बावरत नाही. चार जीबी रॅमवर ते नीट चालतं. मशीन फारच थकलं असेल, तर मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या. मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील. मराठी इन्स्क्रिप्ट कळफलकही त्यात आहे.

आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहा. वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा. तोवर हार्डडिस्कला धक्का लागत नाही. इन्स्टॉल करण्यापूर्वी मात्र सगळ्या फायलींचा बॅकअप घ्याच.