धावती मोटार आणि भिंगाची परीक्षा

ओझरहून नारायणगावला आलो की पुणे-नाशिक महामार्ग लागतो. तेथे ताशी ७२ किलोमीटर वेगाने आपल्यासमोरून आडवी जाणारी मोटार १/१००० सेकंदात २ सेंटिमीटर सरकते. आपण २० मीटरवर उभे असू, तर ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगातून तिची प्रतिमा सुमारे ०.०५ मिलिमीटर सरकेल. २०० मिलिमीटरच्या भिंगातून चौपट! मोटारीबरोबर पुसटपणाही मोठा होतो. म्हणून भिंग आधी स्थिर वस्तूवर तपासू. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवावे, कॅमेरा तिपाईवर ठेवावा आणि प्रत्येक अ‍ॅपर्चरला एकेक फोटो घ्यावा. नीट फोकस करूनही अक्षरे पुसटच आली, तर दोष भिंगाचा. अक्षरे स्वच्छ, पण मोटारीच्या फक्त उभ्या रेषा फाकलेल्या दिसल्या, तर कारण गती. मग महागडे भिंग घेण्याआधी मोटारीच्या रोखाने कॅमेरा फिरवत फोटो घेऊन पाहावा. चाके तरीही पुसट येतील. ती तशीच बरी!